आंबराईला आखर

चिंधूचा तसा कोणावरच विश्वास नव्हता. कोणी रामराम घातला तर हा मनात म्हणायचा, याचं काय काम अडलं असेल? देवळातून बाहेर आला की आधी चपला बघायचा. जागेवर असल्या तरी त्याचं समाधान व्हायचं नाही, कोणीतरी घालून पाहिल्या असतील असं त्याला वाटायचं. बायकोनं चहा पुढे केला तर वास घेतल्याशिवाय घोट नाही. सुंदरबाईनं तीस-बत्तीस वर्षं हे सहन केलं. कसं केलं ते तिचं तिला ठाऊक. आणि अशा माणसाच्या मासेमारीच्या डोंग्यात तिच्याच भावानं, तुलारामानं, एक दिवस टॅब आणून ठेवला.

"हे काय?" चिंधूनं विचारलं.

"टॅब हाय भाऊजी. माह्या पोरीचा, राखीचा. लॉकडाउनमदी शिकाले घेतला होता. आता थे साकोलीले होस्टेलवर रायते, तिले नवीन भेटला. हा पडूनच होता घरी."

"मंग पडू देचा. डोंग्यात कायले?"

"रस्ता दाखोते."

चिंधू हसला. धड हसू नव्हतं ते. "पाण्यावर रस्ता? अन् मी कायले बसलो मंग मांगं?"

प्रश्न बरोबर होता, आणि चिंधूच्या काळजातला होता. कारण डोंग्यात मागं बसणं म्हणजे नुसतं बसणं नाही. मागचं वल्हं ज्याच्या हातात, डोंगा त्याचा. बाकीच्यांनी जाळी ओढायची, पाणी उपसायचं, पालीची दोरी धरायची. शिडाला इथं पालच म्हणतात. चिंधूनं आपल्या डोंग्यावर निळ्या ताडपत्रीची पाल चढवली होती. इंजिनाच्या आवाजानं मासा बुजतो, आणि उगवतीचा वारा असला की तो फुकटात घरी आणून सोडतो. आता डोंग्यावर एक पाल होतीच. चिंधूच्या मनात दुसरी चुकचुकायला लागली.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव बुडालं. वर टेकाडावर लोकांना नवी घरं मिळाली, नळ मिळाला, समाजमंदिर मिळालं. पण त्या वस्तीला अजून कोणी गाव म्हणत नाही. पुनर्वसन म्हणतात. 'गावाले जातो' असं कोणी म्हटलं तर समजायचं, हा पाण्यावर चालला. पाण्याखाली सगळं आहे तिथंच आहे. शाळा, आंबराई, गुरं जमायची ते आखर, देऊळ. एकट्या देवळाचा कळस तेवढा वर राहिला, त्यावर पाणकावळे बसतात. बाकीचं चिंधूच्या डोक्यात होतं. डोंगा कुठंही असो, खाली कोणाचं अंगण आहे हे तो सांगू शकत होता. तुलाराम पडला कोंढ्याचा. गाव बुडाल्यावर बहिणीच्या आधारानं इकडं आलेला. त्यानं ते गाव कोरडं पाहिलंच नव्हतं. म्हणून दहा-बारा वर्षं डोंग्यात राहूनही तो पुढं आणि चिंधू मागं, हे ठरलेलं होतं.

आता एक गोष्ट चिंधूनं कोणाला सांगितली नव्हती. त्याला दिसत नव्हतं.

म्हणजे अगदीच काळोख नव्हता. पण सगळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं. माणसाचा आकार दिसायचा, तोंड नाही. उन्हाकडे पाहिलं की सगळं पांढरं व्हायचं. आधी त्यानं धुरावर ढकललं, मग धुक्यावर, मग सुंदरबाईच्या फोडणीवर. शेवटी कशावर ढकलावं ते उरलं नाही, तेव्हा तो गप्प बसला. डोळे गेले हे कळलं तर मागचं वल्हं गेलं, आणि वल्हं गेलं तर मग चिंधू कोण? समाजमंदिराच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारणारा एक म्हातारा.

त्यानं एक युक्ती काढली होती. मास्तर पोराला विचारतो तसं तो तुलारामाला विचारायचा, "सांग बरं, समोर काय दिसून राहिलं?" तुलाराम सांगायचा, कळस, किंवा बाभळीचा शेंडा, किंवा कोणाचा तरी डोंगा. चिंधू ऐटीत म्हणायचा, "बरोबर." आणि त्या अंदाजानं वल्हं फिरवायचा. आपण कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, असं त्याला वाटायचं.

आणि आता हा टॅब.

"कोणानं शिकोलं तुले हे?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

तुलाराम जाळं झटकत होता. "असंच," तो म्हणाला.

असंच! चिंधूच्या डोक्यात दिवसभर तो शब्द फिरत राहिला. असंच काही होत नसतं. आणि झालं काय, तर त्याच आठवड्यात पवनीच्या बाजारात चहाच्या टपरीवर त्याला तुलारामाचा आवाज ऐकू आला. दुसरा आवाज सचिनचा होता. सचिन म्हणजे मासे घेणारा व्यापारी, त्याच्या स्वतःच्या इंजिनाच्या तीन बोटी. त्याच्या माणसांना जागा ठाऊक नव्हत्या म्हणून त्या बोटी नुसत्याच भटकायच्या, हे सगळ्या काठाला माहीत होतं. चिंधू टपरीच्या मागं उभा राहिला आणि कान टवकारले.

"एकेका जागेवर नेऊन बोलाले लावजो," सचिन सांगत होता. "जागा अन् आवाज, दोन्ही त्याच्यात रायते."

"बुढा आयकन का?" तुलाराम म्हणाला.

"तुह्या हातात हाय थे."

चिंधूला पुढचं ऐकायची गरज वाटली नाही. चहा न पिताच तो घरी आला. सुंदरबाई भात वेळत होती.

"तुहा भाऊ मले इकून राहिला," तो म्हणाला.

"तुमाले कोण घेते?" सुंदरबाई म्हणाली.

"मस्करी नोको करू. गावातल्या साऱ्या जागा थो टॅबात भरून सचिनले देऊन राहिला. मंग त्याच्या बोटी येतीन, सारा मासा उचलून नेतीन, अन् मले मांगं कोण बसू देईन?"

"तुलाराम तसा नाही."

"तू त्याची बहीण हायस. तू कायले बोलशीन?"

सुंदरबाईनं भांडं जरा जोरानंच आपटलं. "मांगं बसाचं एवढंच हाय नं तुमाले? बसा मंग. पण कोठी चाल्लो थे तरी पायत जा." चिंधूला हे टोमण्यासारखं लागलं, आणि त्यात काही जास्तीचं आहे का, यावर तो रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार करत राहिला. त्या दिवसापासून तो साळ्याला अगदी पाण्यात पाहू लागला.

तुलारामानं खरंच विचारलं. एका सकाळी पाणी काचेसारखं शांत होतं. डोंगा उभा करून तो म्हणाला, "भाऊजी, हे कोणती जागा हाय, थे याच्यात बोला. खाली काय हाय, कोणीकडून काढाचा डोंगा, सारं बोला."

"कायले?"

"इथी आलो का मंग थो सोताच बोलते. तुमच्याच आवाजात."

"अन् आयकाचं कोणी?"

तुलारामानं टॅबवरचं पाणी पुसलं. "जो बसन थो आयकन," तो म्हणाला.

जो बसेल तो! म्हणजे बसणारा ठरलेला आहे. चिंधूच्या अंगाची लाही लाही झाली, पण चेहऱ्यावर त्यानं काही दाखवलं नाही. उलट त्याला एक नामी कल्पना सुचली.

मासे धरणाऱ्या धिवरांची एक जुनी रीत आहे. पाण्यावर असताना जागेचं खरं नाव घ्यायचं नाही. मासा ऐकतो म्हणतात. मासा ऐको न ऐको, शेजारचा डोंगेवाला नक्की ऐकतो. म्हणून नाव उलटं घ्यायचं. आंबराईला आखर म्हणायचं आणि आखराला आंबराई. जमिनीवर आलं की पुन्हा सरळ. त्या गावचं शेंबडं पोरही ते मनातल्या मनात उलटवून घ्यायचं. पण नावापुरतंच हं. धोक्याच्या जागेला कोणी चांगली जागा म्हणत नव्हतं, तिथं नुसतं गप्प बसून वल्हं फिरवायचे. आणि आंबराई म्हणजे तर धोक्याचीच जागा. झाडं बुडून वाळली, वरचे फाटे कुजले, राहिले ते खुंट. पावसाळ्यात ते पार खाली असतात. पण माघ-फाल्गुनात पाणी उतरलं की हातभर पाण्याखाली भाल्यासारखे उभे राहतात. आखरावर मात्र तळापर्यंत काही नाही, आंधळ्यानंही डोंगा घालावा.

आंबराईच्या कडेला डोंगा उभा होता. चिंधूनं टॅब तोंडाशी धरला आणि अगदी प्रेमानं बोलला, "आखर. मोकळं पाणी हाय. सरळ चाल."

मग आखरावर आल्यावर, तितक्याच प्रेमानं, "आंबराई. खुंट हायत खाली. उजव्या हातानं वळव."

तुलाराम त्याच्याकडे बघत होता. चिंधूला त्याचं तोंड दिसलं नाही. "असंच ठेवू?" तुलारामानं विचारलं.

"असंच ठेव," चिंधू म्हणाला. या कोंढ्याच्या माणसाला आपली रीत काय ठाऊक, असं त्याला वाटलं. ठेव आणि दे नेऊन सचिनला. त्याच्या बोटी भरधाव यायच्या, सरळ चाल ऐकायच्या आणि खुंटावर चढायच्या. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी चिंधू पोटभर जेवला. सुंदरबाईनं विचारलं, आज काय झालं? तो म्हणाला, काही नाही, वांगं चांगलं झालं. वांगं केलंच नव्हतं.

पुढं चार-दोन दिवसांनी उगवतीचा वारा चांगला धरला. सकाळी वल्ही मारत दोघं पलीकडच्या थडीला गेले, जाळी काढली, बऱ्यापैकी रोहू मिळाला. परत निघताना ऊन उतरलं होतं. तुलारामानं पाल चढवली. पाल फुगली आणि त्याला समोरचं दिसेनासं झालं. एका हातात दोरी, एका हातानं पालीची काठी धरून तो मधोमध उभा राहिला. टॅब त्यानं प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिंधूच्या पायाशी फळीला बांधला.

"आज लावून पाऊ भाऊजी. मले पालीमांगून काही दिसत नाही. थो बोलन तसं घ्या."

"मले नाही लागत थे."

"राहू द्या बाजूले. तुमाले काय करते थे?"

चिंधूनं पाय जरा बाजूला घेतला. डोंगा सपासप चालला होता. आणि पालीच्या कडेनं समोर सूर्य होता. बरोबर डोळ्यांसमोर, पाण्यात एक आणि वर एक. चिंधूला पांढऱ्याशिवाय काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तुलारामाला विचारून उपयोग नव्हता, त्याच्यापुढं पाल. चिंधूनं गालावरचा वारा पाहिला, पाण्याचा आवाज ऐकला. डाव्या अंगाला पाणकावळे ओरडले, म्हणजे देऊळ गेलं. देवळानंतर शाळा, शाळेनंतर आंबराई. आता आली असेल. अजून थोडं. आता. त्याचा हात आपोआप वल्ह्यावर घट्ट झाला. उजवीकडे घ्यावं, असं त्याच्या पोटातून आलं.

तेवढ्यात पायाशी टॅब बोलला. चिंधूचाच आवाज, जरा घोगरा, पण त्याचाच.

"आंबराई. खुंट हायत खाली. उजव्या हातानं वळव."

चिंधूचा हात थांबला.

आंबराई? आंबराई तर आपण आखरावर म्हटलं होतं. म्हणजे खाली आखर आहे. म्हणजे देऊळ कधीच मागं गेलं, पाणकावळे दुसरीकडचे, आपला अंदाज चुकला. चुकणारच, इतक्या वाऱ्यात. मोकळं पाणी आहे हे. इथं उजवीकडे वळलो असतो तर पुढं खरी आंबराई लागली असती! त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. आपला सापळा आपल्याला ठाऊक आहे. दुसरा कोणी असता तर फसला असता.

"उजव्या हातानं वळव," टॅब म्हणाला.

"भाऊजी, वळवलं का?" पालीजवळून तुलाराम म्हणाला.

"मले शिकोतं का?" चिंधू म्हणाला, आणि त्यानं डोंगा सरळ ठेवला.

खालून खर्रर्र असा आवाज आला. मग फळी फुटल्याचा. डोंगा जागच्या जागी थांबला, चिंधू तोंडावर पडला, माशांचं टोपलं पाण्यात गेलं. पाल अजून ओढत होती आणि डोंगा खुंटावर आणखी चढत होता. तुलारामानं दोरी सोडली, पाल खाली पाडली, आणि धावत येऊन भेगेत आपला शेला कोंबला. त्यावर गुडघा रोवून तो डब्यानं पाणी उपसायला लागला. चिंधू फळीला धरून बसून राहिला. त्याच्या पायांना गार पाणी लागत होतं.

"आंबराई. खुंट हायत खाली," टॅब म्हणाला.

"बंद कर थे," चिंधू म्हणाला.

"हात रिकामा नाही." तुलाराम पाणी उपसत राहिला. थोड्या वेळानं, न रागावता, त्यानं विचारलं, "थो बोलला होता नं भाऊजी? मंग काहून नाही वळवलं?"

"थो खोटं बोलते म्हणून."

"थो कायले खोटं बोलन?"

आता लपवून काय राहणार होतं? "मी खोटं बोललो होतो त्याच्यात," चिंधू म्हणाला. "आंबराईवर आखर म्हटलं, आखरावर आंबराई."

"थे तं मले मालूम हाय," तुलाराम म्हणाला. सुंदरबाईला तो बाई म्हणायचा. "बाईनं मले पयल्याच वर्षी सांगतलं होतं. पाण्यावर खरं नाव घेत नाही म्हणून. मले वाटलं, तुमी रीत पाळून राहिले. मी घरी जाऊन बदलून टाकलं. आंबराईचं आंबराईवर, आखराचं आखरावर."

रीत! आपण माणसं बुडवायला निघालो होतो आणि हा समजला, रीत पाळतो आहे. चिंधूला इतकी लाज वाटली की खालच्या भेगेतून पाण्यात शिरावं असं झालं.

"मले दिसत नाही तुलाराम," तो शेवटी म्हणाला. हे वाक्य तो पहिल्यांदाच कोणापुढं बोलत होता.

"थे बी मालूम हाय."

"कवापासून?"

"तुमी मले इचारता नं, समोर काय दिसते म्हणून? पोळ्याच्या मांगंपुढं एक डाव मी खोटंच सांगतलं. समोर काहीच नव्हतं. म्या म्हटलं, डोंग्यात दोन बाया बसून येऊन राहिल्या. तुमी म्हटलं, बरोबर."

"तुह्या बाईले मालूम हाय?" चिंधूनं विचारलं.

"तिनंच तं मले इचारलं, यायले दिसते का म्हणून. डोळ्याच्या डाक्टरकडे चाला म्हटलं तं तुमी म्हणान, हे मले डोंग्यातून काहाडून राहिले. म्हणून म्हटलं, तवरोक काहीतरी करू. सचिनच्या बोटीत हे लावलं हाय, त्याच्याकडून शिकलो."

"मले सांगाचं तरी नं गा."

"मी सांगतलं असतं तं मानलं असतं?"

चिंधूनं खरं उत्तर शोधलं. ते फार लांब नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

"मले मालूम होतं." तुलारामानं कपाळावरचं पाणी पुसलं. "बाईचं मानत नाही, माह्यं मानत नाही, कोणाचंच मानत नाही तुमी. म्हणून तुमचाच आवाज भरला. म्हटलं, सोताचं तरी मानतीन."

चिंधूला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही, लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. तो फळीला धरून पुढं सरकला, चाचपून तुलारामाच्या हातातला डबा घेतला आणि त्याच्या गुडघ्याच्या जागी आपला गुडघा भेगेवर रोवला.

"जाय, मांगं बस," तो म्हणाला. "मी पाणी उपसतो."

तुलाराम उठला. मग मागं जाऊन त्यानं वल्हं उचललं.